कूलरसमोर पत्ते न उडणारं टेबल: घरच्या खेळांसाठी काय विकत घ्यावं, काय बनवून घ्यावं

विदर्भात घरात बसून खेळायचा खरा हंगाम एप्रिल-मे. सकाळी अकरानंतर बाहेर पाऊल टाकवत नाही, शाळेला सुट्टी असते, पाहुण्यांची पोरं आलेली असतात. मग व्यापार निघतो, पत्ते निघतात, कॅरम निघतो, नागपूर-पुण्याहून कुणी आणलेला कॅटानसारखा परदेशी बोर्डगेम निघतो. आणि खिडकीत कूलर पूर्ण जोरात सुरू असतो. व्यापाराच्या नोटा उडतात, पत्त्यांची गड्डी घसरते, शेवटी कुणीतरी कूलर बंद करतं आणि दहा मिनिटांत सगळे घामाघूम होऊन उठतात.

टेबलाची पारख आम्ही याच कसोटीवर केली आहे. लाकूड कोणतं, पॉलिश कसं, हे नंतर. आधी तीन गोष्टी: वाऱ्यात पत्ता जागेवर राहतो का, मधल्या बोर्डापर्यंत सगळ्यांचा हात पोचतो का, आणि खेळ अर्धा असताना जेवणाची वेळ झाली तर डाव मोडावा लागतो का.

आधी तयार मिळणारी टेबलं

प्लास्टिकचं घडीचं टेबल तालुक्याच्या फर्निचरच्या दुकानात मिळतं, ऑनलाइनही मिळतं. चार फुटी माप साधारण १२२ × ६१ सेंमी, उंची ७४. उचलायला हलकं, लग्नसराईत वाढप्यांनाही कामी येतं. खेळासाठी मात्र ६१ ची रुंदी कमी पडते. तिकीट टू राइड या बोर्डगेमचा बोर्ड साधारण ८० × ५३ सेंमी असतो. तो आडवा ठेवला की समोरासमोर बसणाऱ्यांना आपले पत्ते ठेवायला जेमतेम दोन बोटं जागा उरते. दुसरी अडचण मधल्या घडीची. तिथे दोन भागांत फट राहते, फासा नेमका तिच्यात तिरका अडकतो, आणि मग चार की पाच यावर भांडण. तिसरी अडचण उन्हाची. हे टेबल सपरीत ठेवून दिलं तर उन्हाळ्यात मधे पोट सुटतं, ते परत सरळ होत नाही. सहा फुटी घेतलं (१८३ × ७६) तर रुंदी बरी मिळते, पण गावाकडच्या बैठकीत ते ठेवून दिवाण आणि दार दोन्ही सांभाळणं कठीण. वर्षातून दोनदा खेळणाऱ्यांनी हेच घ्यावं, जास्त डोकं लावू नये.

घरातलं सागवानी जेवणाचं टेबल असेल तर ते भक्कम असतं, पण गुळगुळीत पॉलिशवरून पत्ता उचलत नाही. नखाने खरवडावा लागतो, पत्त्याचे कोपरे दुमडतात. वर जाड सुती चादर टाकायची हा जुना उपाय चांगला आहे. चादर टेबलाखाली चार कोपऱ्यांना गाठ मारून ताणून बांधा, नाहीतर एकाने कोपर हलवलं की अख्खा डाव सरकतो.

चौरंगाबद्दल एकच वाक्य: बुद्धिबळाला छान, चौघांना नाही.

जुन्या वाड्याचं दार आडवं टाकून टेबल करायची फॅशन आहे. दिसतं देखणं. पण त्यावर खिळ्यांची फुलं असतात, फळ्यांत फटी असतात, आणि वर काच टाकली की पुन्हा तेच, पत्ता उचलत नाही.

कॅरमचा घोळ

गावाकडे टेबल घ्यायचं म्हटलं की कॅरम त्यावरच ठेवू, हे गृहीत असतं. इथेच बहुतेकांचं चुकतं. कॅरमचा खेळायचा भाग ७४ × ७४ सेंमी, त्याभोवतीची चौकट धरून बाहेरचं माप ८७ ते ८९. नियमाप्रमाणे स्टँडवर ठेवलेल्या बोर्डाची जमिनीपासूनची उंची ६३.५ ते ७० सेंमी असावी लागते. जेवणाचं टेबल ७४-७५ चं. त्यावर बोर्ड ठेवला की खेळायची पातळी ७८ वर जाते. खांदे वर चढतात, मनगट मोडतं, स्ट्रायकर वरून दाबल्यासारखा बसतो. पोट्टे मग खुर्चीवर गुडघे टेकून खेळतात, आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांचे पाय का फाटतात याचं उत्तर तिथे मिळतं.

म्हणजे कॅरमला टेबल खाली हवं, जेवायला आणि बुद्धिबळाला वर हवं. बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेच्या शिफारशीत टेबलाची उंची ७४ सेंमी दिली आहे. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ चा महिला विश्वचषक जिंकल्यावर घरातलं एखादं पोरगं पट घेऊन बसलं असेल, तर ही उंची पाळलेली बरी. एकाच टेबलात दोन्ही उंच्या बसवता येतात. त्यासाठी दुकानातलं टेबल उपयोगाचं नाही, बनवूनच घ्यावं लागतं.

तालुक्याला बनवून मिळणारं टेबल

कोणत्याही तालुक्याच्या गावी बाजाराच्या रस्त्यावर वेल्डिंगची दोन-चार दुकानं आणि एखादी प्लायवूडची वखार असते. या दोघांकडून मिळून जे टेबल तयार होतं ते आमच्या मते या भागातल्या घरांसाठी सगळ्यांत योग्य. मापं अशी.

लोखंडी स्टँड: एक इंची, म्हणजे २५ × २५ मिमी चौकोनी पाइप, १६ गेज. वरची चौकट ११८ × ८७ सेंमी, जमिनीपासून चौकटीच्या माथ्यापर्यंत बरोबर ६५. चौकटीत दोन आडव्या पट्ट्या, खाली पायांना जोडणारा इंग्रजी एच, जमिनीपासून १० सेंमी वर. सगळं मिळून ११ मीटर पाइप लागतो. पाइप ६ मीटरच्या लांबीत येतो, म्हणजे दोन नग.

त्यावर पेटी: १८ मिमी प्लायचा १२२ × ९१ सेंमीचा तळ, त्याच्या काठावर चारही बाजूंनी २ सेंमी जाड, ५ सेंमी उंच सागाची पट्टी उभी. आत ११८ × ८७ सेंमीची ५ सेंमी खोल जागा तयार होते. खेळ या खोलात मांडायचा.

पेटीवर झाकण: त्याच १८ मिमी प्लायची तीन पानं, प्रत्येक साधारण ४०.५ × ९१ सेंमी. ती काठावर बसतात.

आता उंचीचा हिशेब जुळवा. स्टँड ६५, तळ १.८, काठ ५, वरचं पान सनमायकासकट २. एकूण ७३.८. पानं लावली की जेवणाचं टेबल, अभ्यासाचं टेबल, बुद्धिबळाचं टेबल. पानं काढली की खोल पटांगण. आणि अख्खी पेटी उचलून बाजूला ठेवली, उघड्या स्टँडवर कॅरम ठेवला, की खेळायची पातळी ६८ च्या आसपास. नियमात बसली.

त्या ५ सेंमीच्या काठाचं काम कूलर सुरू झाला की कळतं. वारा काठावरून पुढे निघून जातो, तळाशी आडवा पडलेला पत्ता हलत नाही. फासा खाली पडून दिवाणाखाली जात नाही. डाव अर्धा असताना पाहुणे आले तर आतलं काही न हलवता वर तीन पानं ठेवायची आणि चहा मांडायचा. परदेशात अशा खोलगट टेबलांची फॅशन आहे, तिथे खोली बहुतेक ५ ते ७.५ सेंमी ठेवतात. इथे ५ च्या वर जाऊ नका. लहान पोरांचं मनगट काठावर टेकतं आणि हात आत पोचत नाही. रुंदी ९१ च्या वर नेऊ नका, त्याचंही कारण हेच. बसल्या जागेवरून मधला भाग सहज हाताशी आला पाहिजे.

एका प्लायमध्ये सगळं बसतं

प्लायचं पान आठ बाय चार फुटांचं, २४४० × १२२० मिमी. त्यातून ९१ सेंमीचे दोन तुकडे काढले की एक तळ आणि एक झाकण झालं, ६१ सेंमीच्या आसपास तुकडा उरतो. त्यात देवघराची फळी किंवा पुस्तकांचा कप्पा होतो. वखारवाला दीड पान लागेल म्हणाला तर त्याला ही वजाबाकी करून दाखवा.

प्रत कोणती? घरात ठेवायच्या टेबलाला आयएस ३०३ या भारतीय मानकाची, ओल सहन करणारी बीडब्ल्यूआर प्रत पुरते. आयएस ७१० ची मरीन प्लाय बाथरूमच्या आणि ओट्याखालच्या कामाची. टेबल कायम सपरीत राहणार असेल, पावसाची झड लागत असेल, तरच तिच्यावर पैसे घाला. शिक्का मात्र नीट बघा. आयएसआय चिन्हासोबत सीएम/एल नंबर, म्हणजे परवान्याचा क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अॅपवर टाकून तपासता येतो. नुसतं ‘७१०’ असं रंगाने छापलेलं असेल आणि नंबर नसेल तर ती प्लाय सोडून द्या. जाडी टेपने नाही, व्हर्नियरने मोजा. अठराच्या नावाखाली सोळा मिळणं नवं नाही. पानावर नाण्याने ठकठक करत जा. आवाज एखाद्या जागी पोकळ आला तर आतला थर तिथे तुटलेला आहे, नंतर नेमका तिथला स्क्रू धरत नाही.

काठाच्या पट्टीला लाकूड थोडंसंच लागतं, साधारण १४ फूट लांब. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये ज्या बल्लारपूरच्या डेपोतून साग गेला, त्याच भागातला साग आपल्याकडे वखारीत मिळतो. टेबलाला त्यातल्या उरलेल्या पट्ट्याही चालतात. बरेच जण म्हणतात, आमच्याच वावरात, धुऱ्यावर साग उभा आहे. दोन गोष्टी लक्षात ठेवा. स्वतःच्या शेतातला साग तोडायला आणि वाहून न्यायलाही वनविभागाची परवानगी लागते. आणि ओला साग वापरून केलेली पट्टी पहिल्याच उन्हाळ्यात पिळते. जाडीच्या इंचाला एक वर्ष सावलीत वाळवण, हा जुन्या सुतारांचा हिशेब.

अख्खा टॉपच सागाच्या फळ्यांचा करावा असा मोह होतो. करू नका. मे महिन्यातली कोरडी हवा आणि जुलै-ऑगस्टची दमट हवा यांच्यात विदर्भात फार फरक आहे. नीट वाळलेला साग असला तरी ९० सेंमी रुंद फळी काही मिलिमीटर फुगते आणि आखडते. चारही बाजूंनी घट्ट स्क्रू मारलेला असेल तर ती मधे फाटते. प्लायचे थर आडवे-उभे असल्याने ती इतकी हलत नाही.

वेल्डिंगवाल्याकडे काय बघायचं

स्टँडचा मुख्य दोष म्हणजे पीळ. वेल्डर घाईत एक कोपरा पूर्ण जोडून मग दुसरा घेतो. तापलेलं लोखंड थंड होताना आखडतं आणि चौकट तिरकी होते. चार पायांपैकी तीनच जमिनीला टेकतात. उपाय सोपा आहे, पण सांगावा लागतो: आधी चारही कोपऱ्यांना फक्त टाके मारायचे, मग टेपने दोन्ही कर्ण मोजायचे, दोन्ही सारखे आले तरच समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने भरायचे. ११८ × ८७ च्या चौकटीचा कर्ण १४६.६ सेंमी येतो. हा आकडा कागदावर लिहून द्या. दोन्ही कर्णांत ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर रंग मारण्याआधीच परत करा, रंगानंतर कुणी ऐकत नाही.

दुसरी युक्ती वजनाची. लोखंडाचं काम किलोवर होतं, म्हणजे स्टँड काट्यावर चढतोच. १६ गेजचा पाइप १.६ मिमी जाड, मीटरला जवळपास १.१८ किलो. ११ मीटरचे १३ किलो. काटा १० किलो दाखवत असेल तर पाइप १८ गेजचा, १.२ मिमीचा लावला आहे. किलोवर भाव असल्याने त्यात तुमचे पैसे बुडत नाहीत, पण चौघांनी कोपरं टेकली की टेबल झुलतं.

पायाच्या तळाशी ८ मिमीचा नट वेल्ड करून त्यात बोल्ट फिरता ठेवायला सांगा. गावाकडची फरशी, कोटा असो की शहाबाद, चार कोपऱ्यांना सारखी नसते. कागदाच्या घड्या घालण्यापेक्षा बोल्ट अर्धा आटा फिरवला की झालं. बोल्टच्या डोक्याखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवा. पाइपची उघडी तोंडं प्लास्टिकच्या बुचाने बंद करा, नाहीतर पोछ्याचं पाणी आत शिरून गंज आतून खातो. रंगाआधी वेल्डिंगवरची खपली हातोडीने काढून, घासून, मग रेड ऑक्साइड, मग दोन हात ऑइलपेंट. खपलीवर मारलेला रंग वर्षभरात टवका धरतो.

वेळेबद्दल. मार्च-एप्रिलमध्ये हेच लोक कूलरचे स्टँड करण्यात बुडालेले असतात, जूनमध्ये पेरणीची अवजारं दुरुस्तीला येतात. काम जानेवारी-फेब्रुवारीत टाका. भावही सरळ मिळतो आणि कर्ण मोजायला वेल्डरला वेळही असतो.

सुताराकडे काय बघायचं

काठाची पट्टी प्लायवर खालून स्क्रूने पकडायची. दीड इंची स्क्रू, दर १५ सेंमीवर एक, आधी ३ मिमीचं भोक पाडून. भोक न पाडता मारला तर सागाची पट्टी लांबीत तडकते. पट्टी प्लायचीच करून पैसे वाचवू असं सुतार सुचवेल. प्लायच्या कडेत स्क्रू गेला की थर उकलतात, वर कोपर टेकून टेकून सहा महिन्यांत काठ हलायला लागतो. इथे काटकसर करू नका. सागात तेल असतं, त्यामुळे रंधा मारून दोन दिवस ठेवलेल्या पट्टीला फेविकॉल नीट धरत नाही. चिकटवायच्या तोंडावर पॉलिश पेपर मारून लगेच चिकटवायला सांगा.

कोपरे ४५ अंशात कापलेले सुंदर दिसतात आणि पहिल्या मे महिन्यात उघडतात. त्यापेक्षा एका पट्टीत अर्धी खाच पाडून दुसरी तिच्यावर बसवलेली बरी.

झाकणाच्या पानांचा कळीचा मुद्दा सनमायकाचा. एकाच बाजूला सनमायका लावला तर पान पावसाळ्यात कमान धरतं, कारण उघडी बाजू ओल ओढते आणि बंद बाजू ओढत नाही. दोन्ही बाजूंना लावा. सनमायकाचं पानही आठ बाय चारचं असतं, त्यातून चार बाय तीनचे दोन तुकडे निघतात, एक वर, एक खाली. म्हणजे वेगळं पान घ्यावं लागत नाही. चकाकणारा नको, मॅट घ्या. वरच्या दिव्याची तिरीप डोळ्यांवर येत नाही आणि पत्ता उचलतो. पानांच्या कडांना सागाची पातळ पट्टी लावणार असाल तर तिची जाडी धरून प्लाय तेवढी कमी कापायला सांगा. हे विसरलं की दोन पानं बसतात आणि तिसरं काठाबाहेर डोकावतं. शिवाय दोन पानांत मिलिमीटर-दीड मिलिमीटर मोकळीक ठेवा. मे महिन्यात घट्ट बसवलेली पानं श्रावणात निघत नाहीत. पानाच्या खालच्या बाजूला काठाच्या आतून टेकणाऱ्या दोन छोट्या लाकडी पट्ट्या हव्यात, म्हणजे पान सरकत नाही. सनमायकासकट एक पान साडेचार-पाच किलोचं होतं, दहा वर्षांचं पोरगंही उचलतं.

आतल्या तळाला कापड. मखमल नको, तिचे तंतू सुटतात आणि चिप्सचा चुरा धरून ठेवते. सोफा दुरुस्त करणाऱ्याकडे मिळणारं सुएडसारखं आखूड लवीचं कापड आणि खाली ३-४ मिमी फोम, एवढं पुरतं. ते तळाला चिकटवू नका. फेविकॉल कापडातून वर झिरपतो आणि टणक डाग पडतात, आणि एकदा चहा सांडला की कापड धुता येत नाही. ११७ × ८६ सेंमीच्या पातळ प्लायवर किंवा हार्डबोर्डवर कापड ताणून मागच्या बाजूला रबराच्या सोल्यूशनने फक्त कडा चिकटवा आणि हा तक्ता आत नुसता ठेवा. ओला झाला की काढा, सावलीत वाळवा. उधईची पाहणी करायलाही तळ असा मोकळा असलेला बरा. टेबल भिंतीला लावून ठेवत असाल तर दर पावसाळ्यात भिंतीकडची बाजू एकदा बघाच.

काय पटलं नाही

हे टेबल निर्दोष नाही. पेटी सागपट्टीसकट पंधरा किलोच्या घरात जाते. कॅरमसाठी ती उचलायला दोन माणसं लागतात. स्टँड ११८ लांब आणि कॅरम ८८ चा, म्हणून बोर्ड मधे ठेवला की दोन टोकांच्या खेळाडूंना १५ सेंमी जास्त वाकावं लागतं. दोघांच्या डावात काही अडत नाही, चौघांच्या डावात अडतं. ज्या घरात रोज कॅरमच चालतो त्यांनी टेबल चौरस, ९१ × ९१ करावं. मग तिकीट टू राइडला जागा आखूड होईल, ती तक्रार करू नये.

खुर्च्यांचंही बघा. चौकटीखाली ६२.५ सेंमी मोकळी जागा राहते. मांड्यांना ती पुरते, पण हातवाल्या प्लास्टिकच्या खुर्चीचे हात त्याच्या वर येतात आणि खुर्ची आत सरकत नाही. बिनहाताच्या खुर्च्या किंवा स्टूल लागतील. लांब बाजूला बाक असला तर तीन पोरं मावतात.

काठ २ सेंमीचा असल्याने त्यावर चहाचा कप ठेवायचा मोह होतो आणि कप आत पडतो. खेळताना तीनपैकी एक पान टोकाला लावूनच ठेवा, चहा-चिवडा त्यावर. उरलेल्या जागेत कॅटानचा बोर्ड आरामात मावतो.

दिवा टेबलाच्या बरोबर मध्यावर, टॉपपासून ८० सेंमी वर, ९ वॅटचा पिवळसर एलईडी. पांढऱ्या दिव्यावर पावसाळ्यात किडे जास्त येतात आणि सगळे त्या खोलगट पेटीत पडतात.

काढलेली पानं भिंतीला तिरकी टेकवून ठेवू नका, आठवड्याभरात वाकायला सुरुवात होते. दिवाणाखाली आडवी, एकावर एक, मधे जुना पेपर घालून. खाली ओल येत असेल तर दोन विटांवर.